उदेसिंग आप्पाला पान लागलं

तापीमाईची आन, एकमुखी दत्ताची आन, आणि माझ्या तोंडात उरलेल्या दातांची आन, मी सांगते त्यातला शब्द न शब्द खरा आहे. एक जरी खोटा निघाला तर उद्यापासून मला भाकरी दुधात कुस्करून द्या, मी तक्रार करणार नाही.

पंचावन्न-छप्पन साल असेल. उदेसिंग आप्पाला सारंगखेड्याच्या जत्रेत मण्यार चावली, आणि त्या दिवशी प्रश्न एकच होता. नदीपलीकडं दोंडाईच्याला डॉक्टरकडं सापाची दवा ठेवलेली होती, तिच्यापर्यंत तो जिवंत पोचतो की नाही. त्याला पोचवायचं काम पडलं दगूबाईवर. कारण त्याला काय झालंय ते ओळखेल अशी तिथं ती एकटीच होती. आणि तिनंच ते आधी ओळखलं नाही.

आधी आप्पा सांगते. आप्पा अक्कलकुव्याकडच्या डोंगरातला. साप धरायचा, पण गारुडी नव्हे. पुंगी त्यानं जन्मात हातात घेतली नाही. म्हणायचा, सापाला कान कुठं असतात, पुंगी तुम्हाला ऐकू येते म्हणून तुम्हीच डुलता. तरुणपणी तो मुंबईला होता. तिथं सापाचं विष काढतात, थोडं थोडं घोड्याला टोचतात, आणि त्या घोड्याच्या रक्तातून सापाची दवा करतात. त्या कामावर साप सांभाळायला आप्पा होता. परत आला तो हेच सांगत फिरायला लागला, की भगताकडं जाऊ नका, दवाखान्यात जा. नदीपलीकडच्या डॉक्टरच्या कपाटात ती दवा यावी म्हणून खेटे घातले तेही त्यानंच.

दरवर्षी दत्ताच्या जत्रेला तो यायचा. घोडेबाजाराच्या टोकाला बसायचा, पिशव्या-टोपल्या घेऊन. घोडेवाल्यांना म्हणायचा, तुम्ही यांचे दात बघता, चाल बघता. यांचं रक्त बघा, त्यात तुमची पोरं वाचतात. घोडेवाले हसायचे, पण घोड्याच्या मानेवरून हात फिरवायचे.

माणसं त्याच्यामागं वेडी होती. पोरं त्याच्यासारखा फेटा डावीकडं झुकवून बांधायची. म्हाताऱ्या पाया पडायला यायच्या आणि तो पाय मांडीखाली लपवायचा. त्याच्याजवळ एक धामण होती, इतकी लांब, की तोंड खेळात असायचं आणि शेपूट दोधूच्या पानाच्या दुकानापुढं रांगेत त्याचा नंबर धरून ठेवायचं. एकदा तर तो सुरतेच्या गाडीत नाग फेट्यात गुंडाळून बसला. तिकीट बघणारा म्हणाला, डोक्यावर काय आहे. आप्पा म्हणाला, फेटा. तेवढ्यात फेटा फुस्स झाला. पुढं नंदुरबारपर्यंत अख्ख्या डब्यात आप्पा पाय पसरून झोपला. मी शपथ घेतलीय, विसरू नका.

आता दगूबाई. नदीकाठच्या गुजरांच्या घरातली सून, रूपचंदची बायको. एका जत्रेत आप्पानं धामण हातात धरून विचारलं, कोण घेतं. घोड्याला मांडीत दाबून फिरवणारे मिशावाले गडी मागं मागं सरकत गेले. त्या मोकळ्या झालेल्या जागेत ही एकटी उभी राहिली. तिनं हात पुढं केला. आप्पा म्हणाला, बेन, श्वास सोड, तू धरून ठेवलास की तीपण धरून ठेवते. तिनं श्वास सोडला. धामण तिच्या हातावरून खांद्यावर गेली, आणि त्या दिवसापासून दगूबाईला दुसरा गुरू उरला नाही.

आप्पा जसा उठायचा तशी ती उठायची, जसा बोलायचा तशी बोलायची. कापसाच्या खोलीत उंदीर झाले म्हणून तिनं एक धामण पाळली, गोठ्यातल्या रांजणात. तिची सासू तापीबाई गावभर सांगायची, मला सुना दोन, एक बोलणारी आणि एक सरपटणारी, आणि दुसरी जास्त गुणाची.

आमच्याकडं साप चावला असं कुणी म्हणत नाही. नाव घेतलं की तो येतो, अशी भीती. म्हणून म्हणायचं, पान लागलं. तेही हळू, पदर तोंडावर घेऊन. आप्पाला या शब्दाची भारी चीड. तुम्ही कुजबुजता तोवर विष वर चढतं, म्हणायचा. एकदा दगूबाईच्या तोंडून शेतावरच्या कुणा सालदार गड्याबद्दल निघून गेलं, त्याले पान लागनं, तर आप्पा तिच्याशी ती जत्रा संपेपर्यंत बोलला नाही. शेवटी एवढंच म्हणाला, "पान झाडले लागस, बेन. मानूसले साप चावस." तिच्या तोंडातून तो शब्द गेला तो गेला. दुसरं कुणी म्हटलं तरी ती अंगावर जायची.

आणि लोकांच्या तोंडात सरळ शब्द बसावा म्हणून आप्पानं एक खेळ काढला होता. जत्रा भरात आली की तो एकदम जमिनीवर आडवा पडायचा आणि ओरडायचा, साप चावना. मग जमलेल्या गड्यांनी काय करायचं? कापायचं नाही, चोखायचं नाही, भगताला बोलवायचं नाही. बाज आणायची, त्यावर त्याला निजवायचं आणि नदीच्या काठापर्यंत, नाव लागते तिथवर पळत न्यायचं. हसत, ओरडत, मागं ढोलवाला. काठावर बाज टेकली की आप्पा टुणकन उठायचा, चांगलं पळालेल्याच्या पाठीत धपका घालायचा, आणि सगळे टाळ्या वाजवायचे. पोरंसोरं वर्षभर त्या खेळाची वाट बघायची. बाज धरायला मिळावी म्हणून गड्यांच्यात भांडणं व्हायची.

त्या वर्षी थंडी बोचरी होती. ऊन वर आलं तरी घोड्यांच्या पाठीवरच्या झुली काढल्या नव्हत्या. खेळ अजून झाला नव्हता. दगूबाई आप्पासाठी मांडे बांधून घेऊन आली, तर तो आपल्या जागेवर नाही. दोधूच्या पानाच्या दुकानापुढं बाकड्यावर टेकून बसलेला. मण्यारीची पिशवी तोंड बांधून बाकड्याखाली ठेवलेली. तिला बघून तो हळू आवाजात म्हणाला,

"बेन, माले पान लागनं."

दोधूच्या कानावर गेलं. त्यानं चुन्याचं बोट कपाळाला लावलं. म्हणाला, इतल्या वर्षांचं गिऱ्हाईक, तंबाखू खाऊन कधी घेरी आली नाही, आणि आज माझ्या पानाची बदनामी करतो. आजूबाजूचे हसले. ज्याला नाग काही करत नाही, त्याला दोधूनं लोळवलं. छगन घोडेवाल्यानं ताक पाठवलं. कुणी कांदा फोडून नाकाशी धरला.

दगूबाईपण हसली. का नाही हसणार? आप्पा सापाच्या बाबतीत तो शब्द वापरत नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? म्हणजे हे पान म्हणजे खायचंच पान. दुसरी कुणी भाबडी बाई असती तर शब्द ऐकून निदान दचकली असती, हात बघितला असता. ही आप्पाची सगळ्यात तयार चेली, म्हणून नेमकी हिचीच चूक झाली.

"आप्पा," ती म्हणाली, "सापले जिकनात आन पानले हारनात."

आप्पा हसला. तिच्याकडं थोडा वेळ बघत राहिला. मग डोळे मिटले. ती म्हणाली, बसा निवांत, घेरी उतरेल, आणि रूपचंदबरोबर घोडी बघायला गेली. रूपचंद दरवर्षी घोडी बघायचा. घ्यायचा कधीच नाही, पण दात बघायचा, पाय उचलून बघायचा, मालकाला आशेला लावायचा. त्यात बराच वेळ गेला. घोडीच्या कपाळावर पांढरा ठिपका होता. दगूबाईला पुढं सगळं आयुष्य तो ठिपका आठवायचा आणि त्याबद्दल काहीच वाटायचं नाही.

ती परत आली तेव्हा आप्पा तसाच टेकलेला होता. तिची चाहूल लागली तसा त्यानं हात वर नेला, आणि आपल्याच बोटानं आपली पापणी उचलली. त्या फटीतून त्यानं तिला बघितलं. बोट काढलं, पापणी पडली.

हे आप्पानंच तिला शिकवलं होतं. मण्यार चावली की दुखत नाही, सूज नाही, खूण दिसेल न दिसेल. पापण्या जड होतात, जीभ जड होते. माणूस प्यालेला वाटतो, लोक हसतात, आणि हसता हसता तो जातो.

दगूबाईच्या आतलं सगळं गप्प झालं. भीती नाही, रडू नाही. भरल्या बाजारात कुणी दोन्ही कान दाबून धरावेत तसं. ती खाली बसली.

"आप्पा, कोनतं पान?"

त्यानं हात उलटा केला. अंगठा आणि बोटाच्या मधल्या कातडीवर काटा टोचल्यासारखं काहीतरी होतं. बोलायला गेला, पण शब्द तोंडातच राहिला.

मग तिच्या ध्यानात आलं. साप चावना हा शब्द त्यानं जत्रेत ओरडून ओरडून खेळाचा करून टाकला होता. तो म्हटला असता तर लोक बाज घेऊन हसत आले असते. खरं सांगायला त्याच्याकडं आईच्या तोंडचा जुनाच शब्द उरला होता. तो त्यानं तिलाच सांगितला, आणि तिला तो कळला नाही, कारण तिला त्यानंच शिकवलं होतं.

की लाज वाटली असेल? एवढी माणसं ज्याच्यासारखा फेटा बांधतात, त्यानं त्यांच्यापुढं कसं म्हणायचं, की मला चावली? असंही असेल. ते आता कोण सांगणार.

ती उभी राहिली. चारी बाजूंना माणसं. यांना खरं सांगितलं तर काय होईल, ते तिला दिसत होतं. आप्पाला कसा चावेल, असं म्हणून वाद घालतील. मग दत्ताच्या पायाशी नेऊन ठेवतील, भगत येईल, म्हाताऱ्या रडायला बसतील. नदी राहील तिथंच. दगूबाईनं पदर खोचला, आणि आप्पा ओरडायचा तशी, त्याच सुरात ओरडली, साप चावना.

जत्रा उठली. खेळ लागना, खेळ लागना, म्हणत गडी धावले. बाज आली. एकमेकांना ढकलत त्यांनी आप्पाला उचललं. ढोलवाल्यानं काठी मारली. कुणीतरी म्हणालं, यंदा आप्पा काय मस्त पडलाय, मान बघ कशी टाकलीय. दगूबाई बाजेच्या बाजूनं पळत होती. हसणारी माणसं रडणाऱ्यांपेक्षा जोरात पळतात, एवढाच विचार तिच्या डोक्यात होता. कुणी तिच्याकडं बघून हसलं तर तीपण तोंड हसल्यासारखं करत होती.

काठावर बाज टेकली. टाळ्या वाजायला लागल्या. सगळे गोल करून उभे राहिले, आप्पा आता उठणार म्हणून. सगळ्यात जोरात पळालेला गडी धपक्यासाठी पाठ वाकवून उभाच राहिला. टाळ्या वाजत राहिल्या. आप्पाची छाती जेमतेम हलत होती.

दगूबाई नाववाल्या चैत्याला म्हणाली, यंदा खेळ नदीपार न्यायचाय, आप्पानं सांगितलंय. लोकांना नवी गंमत आवडली. बाज उचलून नावेत ठेवली. रूपचंद काठावर होता, तोपण टाळ्या वाजवत होता. नाव सुटली.

मध्यावर आल्यावर चैत्यानं विचारलं, "आते तरी उठ म्हना आप्पाले."

"हाऊ खेळ नई शे, भाऊ," ती म्हणाली.

चैत्यानं आप्पाचं तोंड बघितलं. दुप्पट जोरानं वल्ही मारायला लागला. मागच्या काठावरून टाळ्या अजून ऐकू येत होत्या, पाण्यावरून, बारीक होत होत.

पलीकडं दोंडाईच्याकडं जाणारा कापसाचा ट्रक उभा होता. ट्रक चालवणारा दावीद, नवापूरकडचा. त्यानं कुणाला काय झालं ते विचारलं नाही. चैत्या आणि त्यानं आप्पाला वर चढवलं. दावीद म्हणाला, बाई, तुम्ही त्याचं डोकं धरा, मी वाटेत कुठं थांबत नाही. आणि तो थांबला नाही. वाटेत माणसं हात दाखवत होती, गाई आडव्या येत होत्या, हॉर्न वाजतच होता.

मऊ कापसात आप्पा अर्धा बुडाला होता. दगूबाईनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं. आप्पा सांगायचा, मण्यार चावलेल्याचे डोळे मिटले तरी त्याला ऐकू येत असतं. त्याच्याजवळ रडू नका, बोला. म्हणून ती बोलत राहिली. सासूनं धामणीला दूध ठेवलं आणि दूध मांजर प्यालं, ते सांगितलं. रूपचंदनं घोडीचे दात बघताना घोडीनं त्याचं उपरणं चावलं, ते सांगितलं. कापूस उडून तिच्या तोंडात जात होता, तो थुंकून ती पुढं सांगत होती. आपल्याच आवाजाकडं ती लांबून ऐकत होती, शेजारच्या घरात कुणी दळतंय तसं.

बोलणं संपलं. मग तिनं विचारलं,

"आप्पा, मी हासनी म्हनीसन राग उना का तुमले?"

तिचं बोट त्याच्या मुठीत होतं. आप्पानं ते हळूच दाबलं. एकदाच.

डॉक्टर ओट्यावरच भेटला. त्यानं ट्रकवर चढून कान लावला, नाडी बघितली, पापणी उचलून उजेड टाकला. आतल्या माणसाला त्यानं मण्यार हा शब्द ऐकताच हाक मारून दवेची बाटली काढायला लावली होती. ती टेबलावर आणून ठेवलेली दगूबाईला दारातून दिसत होती. डॉक्टर खाली उतरला. म्हणाला, वाटेतच गेला, बाई. कुठल्या ठिकाणी ते आता सांगता येणार नाही. मग आत जाऊन त्यानं बाटली कपाटात परत ठेवली. कपाटाचं दार नीट लागत नव्हतं, ते त्यानं दोनदा ढकललं.

दगूबाई मान हलवून बरं म्हणाली. तिच्या मांडीला मुंग्या आल्या होत्या, उठता येईना, तर दावीदनं हात देऊन उतरवलं.

आप्पाला घेऊन नाव परत आली तेव्हा ऊन अजून होतं. काठावर काही माणसं वाट बघत होती. नाव दिसल्यावर कुणीतरी टाळ्या सुरू केल्या. मग ज्याच्या त्याच्या लक्षात येत गेलं तशा त्या थांबल्या. एकदम नाही. एक एक करून.

दोधूनं दुकानाला गोणपाट लावलं होतं. तो बाकड्यावर बसून होता, पायापाशी मण्यारीची पिशवी. लोक म्हणत होते, ठेचा तिला. काही म्हणत होते, नको, आप्पाला नेणारी ती, तिची पूजा करा. दगूबाईनं पिशवी उचलली आणि शेतापलीकडच्या दगडाळ नाल्यात गेली. गाठ सोडली. मण्यार थंडीनं सुस्त झाली होती, निघायला वेळ लावला. दगूबाई तिच्यावर राग येतो का ते बघत उभी राहिली. आला नाही. शेपटीचं टोक दगडाखाली गेलं तशी ती घरी आली.

तापीबाईनं ताट वाढलं. तिनं जेवण केलं. भांडी घासली. दुसऱ्या दिवशी कापूस वेचायला गेली. रांजणातल्या धामणीला बघितलं, पाणी बदललं. दिवसांमागून दिवस सासू तिच्या तोंडाकडं बघत होती. शेवटी म्हणाली, "रडी ले व, माय."

"रडू ई तवय रडसू," दगूबाई म्हणाली, आणि पाणी भरायला गेली.

पुढच्या जत्रेला ती आप्पाच्या जागेवर बसली. धामण घेऊन, एकटी. पोरांचे फेटे डावीकडंच झुकलेले होते. कुणी खेळ कर म्हटलं नाही. तिनं आप्पाचंच सगळं सांगितलं, भगत नको, दवाखाना, घोड्याचं रक्त. फक्त एक गोष्ट वेगळी सांगितली. तोंडाला जो शब्द येईल तो म्हणा, साप म्हणा, जनावर म्हणा, पान म्हणा. ऐकणाऱ्यानं मात्र हसायचं नाही. विचारायचं, कोनतं पान, आणि हात-पाय बघायचे. तेव्हापासून आमच्या बाजूला खरंच नुसती सुपारी लागली तरी लोक माणसाचे जोडे काढून पाय तपासतात. नव्या जावयांची फार फजिती होते.

धामण पुढं मेली, दगूबाईनं दुसरी पाळली. तिच्याकडं बघून आणखी दोघी-तिघी धरायला शिकल्या. ती जत्रेत बसली की म्हाताऱ्या तिच्या पाया पडायला यायच्या. ती पाय मांडीखाली घ्यायची.

आता एक. ट्रकमध्ये आप्पानं बोट दाबलं असं मी म्हटलं ना, ते नव्हतं. त्याची बोटं केव्हाच लाकूड झाली होती. तिनं विचारलं, उत्तर आलं नाही, ट्रक चालत राहिला, एवढंच झालं. ही गोष्ट मी पहिल्यांदा सांगितली ती तिच्यासमोरच, बायका जमल्या होत्या तेव्हा, आणि सांगता सांगता ते दाबणं मी आपलं घालून दिलं. ती शेजारी सुपारी कातरत बसली होती. अडकित्ता थांबला. मला वाटलं, आता सगळ्यांत मला खोटी पाडते.

"ते ऱ्हाऊ दे," ती म्हणाली, आणि पुढं कातरायला लागली.